मालवी गव्हाची खोटी कुळकथा

हल्ली ग्राहक पेठेत जा, महिला मंडळाच्या प्रदर्शनात जा, एक कापडी पिशवी हमखास दिसते. वर जात्याचे नाहीतर बैलजोडीचे चित्र, आणि खाली तीन शब्द : प्राचीन, शुद्ध, ग्लुटेनमुक्त. आमच्या मालव्यात त्या पिशवीत मालवी गहू असतो, सांगली-बेळगावकडे खपली असतो, आणखी कुठे बन्सी. भाव अर्थातच चढा. या तीन शब्दांपैकी पहिला अर्धाच खरा आहे, दुसऱ्याला गव्हाच्या बाबतीत काही अर्थ नाही आणि तिसरा धादांत खोटा आहे. पहिल्या दोहोंवर हसून पुढे जाता आले असते. तिसऱ्यामुळे माणसे आजारी राहतात, त्यांत लहान मुले असतात, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

हा लेख मालवी गव्हाविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्यांच्याबरोबर दक्षिणेतून आलेली मराठी घरे इथे तीनशे वर्षांच्या घरात नांदत आहेत, आणि या घरांनी मालव्याकडून जे जे घेतले त्यात या गव्हाचा मान मोठा. भाकरी खाणारे आम्ही बाफले खायला शिकलो ते याच गव्हाचे. भरड दळलेले पीठ, तुपाचे मोहन, आधी पाण्यात उकळायचे आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर शेकायचे. तोच बाफला लोकवनच्या बारीक पिठाचा करून पाहा, हाती चिवट गोळा येतो. शेवया, लापशी, रव्याचे लाडू, यांनाही आमच्याकडे मालवीच लागतो. तेव्हा मालवीला कोणी नावे ठेवली तर आम्हाला खपत नाही. पण जो गुण त्याच्या अंगी नाही तो त्याला चिकटवून विकणे, हेही नावे ठेवण्यासारखेच आहे.

आता त्याची खरी कुळकथा. ती पिशवीवरच्या कथेपेक्षा कितीतरी रंजक आहे.

गव्हांच्या पेशीत गुणसूत्रे किती, हे १९१८ साली जपानमध्ये साकामुरा यांनी नीट मोजले. तेव्हा गव्हांच्या तीन पंगती असल्याचे दिसले : १४ गुणसूत्रांची, २८ ची आणि ४२ ची. मालवी, कठिया, बन्सी, खपली हे सगळे २८ च्या पंगतीतले. लोकवन, शरबती, सुजाता, आणि आपण पोळीसाठी जो जो गहू म्हणून घेतो तो जवळजवळ सगळा ४२ च्या पंगतीतला. दोन्ही पिकांना आपण एकच नाव देतो, दोन्ही शेजारच्या वावरांत उभी असतात, पण घराणी वेगळी आहेत.

हे घडले कसे? पश्चिम आशियात, आजच्या तुर्कस्तान-सीरिया-इराकच्या टापूत, काही लाख वर्षांपूर्वी दोन रानगवतांचा संकर झाला. एकाच्या गुणसूत्रांचा संच शास्त्रज्ञ ‘अ’ धरतात, दुसऱ्याचा ‘ब’. संकरातून येणारे रोप बहुधा वांझ असते, कारण बीज तयार होताना गुणसूत्रांना जोडीदार सापडत नाही. पण क्वचित दोन्ही संच दुप्पट होऊन बसतात, प्रत्येकाला आपला जोडीदार मिळतो आणि नवी जात उभी राहते. तसा हा २८ गुणसूत्रांचा रानगहू झाला. माणसाने तो पेरायला घेतला तेव्हा त्याला आयते दोन घराण्यांचे मिश्रण मिळाले होते. पुढे, आजपासून आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कास्पियन समुद्राच्या दक्षिण काठाकडे या पेरलेल्या गव्हाचा तिथल्या एका तणाशी संकर झाला. त्या तणाचा संच ‘ड’. दोनाचे तीन झाले, आणि ४२ गुणसूत्रांचा गहू जन्माला आला. हा ‘ड’ कोणाचा, हे महायुद्धाच्या धामधुमीत, १९४४ च्या सुमारास, जपानमध्ये किहारा यांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सिअर्स यांनी एकमेकांचा पत्ता नसताना शोधून काढले. अमेरिकेतल्या जोडीने तर त्या तणाशी पुन्हा संकर घडवून गहू बनवूनच दाखवला.

म्हणजे ज्या ‘हायब्रिड’ शब्दाने आमच्या बायाबापड्यांना घाबरवतात, तो गव्हाच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेला आहे. मालवीत एकदा, लोकवनमध्ये दोनदा. कोणी प्रयोगशाळेत बसून हे केले नाही, वाऱ्याने आणि तणाने केले.

‘शुद्ध’ या शब्दाचे काय करायचे ते आता वाचकांनीच ठरवावे. मला तर आमच्याच भाषेची आठवण होते. पुण्याहून सुट्टीत येणारी पाहुणेमंडळी आमचे ‘मी जेवून राहिलो आहे’ ऐकून हसतात आणि ही कसली मराठी म्हणून विचारतात. तीच मंडळी इथून जाताना ‘शुद्ध मालवी’ गव्हाचे पोते गाडीच्या डिकीत घालून नेतात. असो.

‘देशी’चेही तसेच. धार जिल्ह्याच्या वेशीपलीकडे, महेश्वरसमोर नर्मदेच्या दक्षिण काठावर नावडातोली आहे. तिथे १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केले, आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत जळून कोळसा झालेले गव्हाचे दाणे मिळाले. आमच्या मुलखात गहू एवढा जुना आहे, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तिथवर तो पश्चिमेकडून, माणसांच्या हातून चालत आला. आमची ज्वारी आफ्रिकेतली, आमचा मका अमेरिकेतला. ताटातले सगळेच पाहुणे असताना एकट्या गव्हाला मूळ रहिवाशाचा दाखला कशाला?

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे, म्हणजे दाण्यातल्या प्रथिनांकडे येतो. ग्लुटेन म्हणजे काय, हे मराठी बायकांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. फक्त नाव ठाऊक नव्हते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, पिळून चीक काढतात. पांढरा चीक म्हणजे पिष्ट. मागे जो चोथा उरतो त्यात कोंड्याबरोबर चिकट, ताणला जाणारा जो भाग असतो तो ग्लुटेन. प्रयोग अजून सोपा करता येतो. मालवीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळा, अर्धा तास ठेवा आणि नळाच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळत राहा. पाणी दुधासारखे वाहून जाते आणि शेवटी बोटांत रबरासारखा पिवळसर गोळा उरतो. ज्यांनी ‘ग्लुटेनमुक्त’ची पिशवी घेतली आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एवढे करून पाहावे. पाच मिनिटांत निकाल लागतो आणि वीज लागत नाही.

या गोळ्यात दोन प्रकारची प्रथिने असतात. ग्लायाडिने सुटी सुटी, स्वतःभोवती गुंडाळलेली. गंधकाचे बंध त्यांच्यात असतात ते आतल्या आत. ती पिठाला ओघळ देतात. ग्लुटेनिने मात्र लांब. मधला भाग स्प्रिंगसारखा वेटोळा, आणि टोकांकडच्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या माळा. ताणले की लांबतात, सोडले की परत येतात. पोळी पातळ लाटता येते, पाव फुगतो, ते या माळांमुळे. आणि यातल्या सर्वांत कसदार माळा लोकवनच्या पंगतीत ‘ड’ संचाच्या पहिल्या गुणसूत्रावरून येतात. मालवीत तो संचच नाही. म्हणून मालवीचा पाव बसका होतो. माळा त्याच्यातही असतात, पण ‘अ’ आणि ‘ब’च्या, कमी ताणाच्या. एकूण प्रथिने तर मालवीत बहुधा लोकवनपेक्षा थोडी जास्तच भरतात, आणि त्यांतला मोठा हिस्सा ग्लुटेनचाच.

जाता जाता मालवीच्या कडकपणाचे गुपित सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण बाफल्याचे मर्म त्यात आहे. गव्हाच्या दाण्यात प्युरोइंडोलिन नावाची दोन छोटी प्रथिने असतात. ती पिष्टाच्या कणांवर बसतात आणि बाजूच्या प्रथिनांना त्यांना घट्ट चिकटू देत नाहीत. त्यामुळे दाणा मऊ राहतो. रानगवतांत ही जनुके होती. पण ‘अ’ आणि ‘ब’ एकत्र नांदायला लागल्यावर दोघांनीही ती गमावली. पुढे ‘ड’ आला तो आपली घेऊन आला, म्हणून ४२ च्या पंगतीत मऊपणा परतला. मालवीच्या घरात ‘ड’ कधी आलाच नाही. त्याचा दाणा काचेसारखा. जात्यात त्याचे पीठ होण्याआधी रवा होतो. (लोकवनचा दाणाही काही लोण्यासारखा नसतो, कारण तिथे ‘ड’च्या जनुकांत बिघाड होऊन कडकपणा येतो, पण मालवीची सर त्याला नाही.) गमावलेल्या दोन जनुकांवर आमच्या दाल-बाफल्याची सगळी कीर्ती उभी आहे! एवढी सुंदर गोष्ट हाताशी असताना पिशवीवर खोटे का छापावे?

आता सीलिअॅक. हा आजार काय ते थोडक्यात. ग्लुटेनच्या प्रथिनांत प्रोलिन आणि ग्लुटामिन या दोन घटकांची रेलचेल असते, आणि प्रोलिनच्या ठिकाणी आपले पाचकरस कात्री चालवू शकत नाहीत. म्हणून काही तुकडे न पचता लहान आतड्यापर्यंत पोचतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. ज्यांच्या अंगी जन्मजात विशिष्ट ठेवण असते त्यांच्यातल्या काहींचे शरीर मात्र या तुकड्यांना शत्रू समजते आणि लढाईत स्वतःच्याच आतड्याचे अस्तर झिजवून टाकते. मग अन्न अंगी लागत नाही. मुलाची उंची थांबते, रक्त कमी होते, पोट फुगते, जुलाब होतात. कधी यांतले काहीच ठळक दिसत नाही आणि नुसता पंडुरोग म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या चालतात. गव्हाशी याचा संबंध नेदरलंड्समधल्या डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी लावला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांची आजारी मुले उलट सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी उत्तर भारतात केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे ९६ माणसांत एकाला हा आजार आढळला. भात खाणाऱ्या दक्षिणेत प्रमाण पुष्कळच कमी आहे. आमचा मालवा गहू खाणारा मुलूख आहे. तिथे तो नसेल असे मानायला काही आधार नाही.

इथे पिशवीवाल्यांचा जो जरा वाचलेला वर्ग आहे तो पुढे सरसावतो. तो म्हणतो, ‘अहो, तो घातक तुकडा फक्त नव्या गव्हात असतो, जुन्या गव्हात नसतो!’ हे बोलणे पोकळ नाही, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. २००२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक तुकडा शोधला, ३३ घटकांचा. त्यांत १३ प्रोलिन आणि १० ग्लुटामिन. कुठलाच पाचकरस त्याला तोडू शकत नाही आणि सीलिअॅकच्या रुग्णांत तो सर्वांत जास्त आग लावतो. आता हा तुकडा येतो ‘ड’ संचाच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या ग्लायाडिनातून. मालवीत आणि खपलीत ‘ड’ नाही. तपासणीत हा तुकडाही त्यांच्यात मिळालेला नाही. इथपर्यंत त्यांचे बरोबर.

पण आग लावणारा तो एकच तुकडा आहे असे कोणी म्हटले? ‘अ’ संचाच्या ग्लायाडिनांतही तसे तुकडे आहेत. गॅमा आणि ओमेगा जातीच्या ग्लायाडिनांत आहेत, ग्लुटेनिनांत आहेत. सैन्याचा एक सेनापती गैरहजर आहे म्हणून गावात लष्कर शिरलेच नाही असे म्हणण्यासारखे हे झाले. सीलिअॅक असलेल्याला मालवी चालत नाही, खपली चालत नाही, बन्सी चालत नाही, एकाच संचाचा १४ गुणसूत्रांचा गहू मिळाला तर तोही चालत नाही. यावर वैद्यकात दोन मते नाहीत.

आकड्यातच सांगतो. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायला आपल्याकडे कायदेशीर मर्यादा आहे, भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने घातलेली : किलोमागे २० मिलिग्रॅम. मालवीच्या किलोभर पिठात ग्लुटेन असते साधारण ८० ते १०० ग्रॅम. मिलिग्रॅम नव्हे, ग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या किमान चार हजार पट. वजनात दहा-वीस ग्रॅमचा मापात पाप करणाऱ्या वाण्याला आम्ही बाजारात उभा करून बोलतो. इथे चार हजार पटीचा फरक आहे आणि आम्ही वर ‘किती छान उपक्रम’ म्हणून पाठ थोपटतो.

आमच्या नात्यातल्या एका घरी काय झाले ते सांगितल्याशिवाय याचे गांभीर्य कळणार नाही. सहा वर्षांचा मुलगा, वयाच्या मानाने चार वर्षांचा दिसायचा. तपासण्या झाल्या, सीलिअॅक निघाला, डॉक्टरांनी गहू बंद सांगितला. आई-बाप धास्तावले, पोळीवाचून मुलगा जेवणार कसा? तेवढ्यात कुणीतरी प्रदर्शनातून ती पिशवी आणून दिली. छापलेलेच होते, मग शंका कशाची घ्यायची? आठ महिने त्या घरात त्या मुलापुरता वेगळा तवा, वेगळे पोळपाट, वेगळा डबा, सगळे सोवळे पाळले गेले, आणि त्या सोवळ्यातून मुलाला रोज चार पोळ्या मालवी गव्हाच्या घातल्या गेल्या. रक्ताचा अहवाल जागचा हलेना, तेव्हा डॉक्टरांनी स्वयंपाकघराची चौकशी केली. त्या आईला मी काय म्हणणार? तिने सांगितलेले सगळे केले होते. विकणाऱ्याला विचारायला गेले तर म्हणे, ‘आम्ही श्रद्धेने विकतो.’

मुलाच्या वाढीचे आठ महिने श्रद्धेने परत येत नाहीत.

दुसरा अपाय याहून छुपा आहे. पोट बिघडते म्हणून लोक आपणच गहू बंद करतात किंवा कमी करतात, आणि मग सहा महिन्यांनी तपासायला जातात. सीलिअॅकची रक्तचाचणी, जिला टीटीजी म्हणतात, ती गहू खाणे चालू असतानाच करायची असते. गहू सोडलेल्या माणसाच्या रक्तातली खूण पुसट होते आणि आजार असून ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. तेव्हा आधी तपासणी, मग पथ्य. पिशवीवर हे कुठेच नसते.

उरलेल्यांचे काय? शंभरातल्या ज्या नव्व्याण्णवांना सीलिअॅक नाही? त्यांतले पुष्कळ सांगतात की मालवीने पोट हलके राहते. राहत असेल, मी वाद घालणार नाही. भरड पीठ, कोंड्यासकट, घरी शिजवलेले, आणि सोबत बेकरीचा पाव-बिस्किटे सुटलेली. एवढ्याने कोणाचेही पोट हलके होईल. मधुमेहासाठी म्हणून मालवीचे बाफले खाणारेही पाहतो. वर चार पळ्या तूप आणि शेवटी चुरम्याचा लाडू. त्यांच्याशीही वाद नाही.

वाद आहे तो ‘नव्या गव्हाने घात केला’ या आरोळीशी. वाण सुधारणाऱ्यांनी गव्हात ग्लुटेन कोंबले, असे छातीठोकपणे सांगितले जाते. जर्मनीत १८९१ ते २०१० या काळातले साठ वाण, दर दशकातले पाच, एकाच ठिकाणी पेरून तपासले गेले आणि निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. ग्लुटेनचे प्रमाण सव्वाशे वर्षांत जवळपास जागच्या जागी राहिले. ज्या ग्लायाडिनांवर राग आहे ती तर किंचित कमी झाली. आणि ज्याला आपण ‘आपला जुना’ म्हणतो तो तरी जुना कुठे आहे? लोकवन हा गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार केलेला वाण, लोक-१. ‘शरबती’ हा शब्द ऐकून तोंडाला पाणी सुटते, पण १९६० च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत मेक्सिकोच्या लाल गव्हावर गॅमा किरण सोडून जो सोनेरी वाण काढला त्याचेही नाव शरबती सोनोरा होते. सीहोरचा शरबती तो नव्हे, हे खरे. परंतु नावावरून पावित्र्य ठरवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

मालवीही तसाच. आज देवासच्या मंडीत ‘मालवी’ म्हणून जो गहू उतरतो त्यातला बराचसा मालवशक्ती, पोषण, पूसा मंगल, पूसा तेजस अशा वाणांचा असतो, आणि हे वाण इंदूरच्या गहू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी संकर करून काढलेले आहेत. ‘अर्धा खरा’ मी म्हटले ते याचसाठी. घराणे प्राचीन, पोर कालचे. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? जुना उंच मालवी तांबेऱ्याला बळी पडायचा, वाऱ्याने लोळायचा. ती लढाई याच लोकांनी लढवली. खपलीची तर गोष्टच न्यारी. अमेरिकेत मिनेसोटाला स्टॅकमन यांनी काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी जे बारा गहू निवडले, त्यांत एक ‘खपली’ होता, याच नावाने. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द शंभर वर्षे जगभरच्या गहूशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. त्या खपलीची रोगाशी झुंजणारी जनुके पुढे इतर गव्हांत नेली गेली. या मोठेपणाचा एक शब्द पिशवीवर नाही.

२०१८ साली पोळीच्या गव्हाचा सारा जनुकसंच वाचून झाला. सुमारे १७ अब्ज अक्षरे, माणसाच्या पाचपट. त्यातला ८५ टक्के भाग पुन्हा पुन्हा तेच ते. देशोदेशींनी गुणसूत्रे वाटून घेतली होती, त्यातले ‘२ अ’ भारताच्या वाट्याला होते आणि लुधियाना व दिल्लीच्या संस्थांनी ते काम केले. पुढच्याच वर्षी मालवीच्या पंगतीतल्या एका इटालियन वाणाचाही संच प्रसिद्ध झाला. कुठले ग्लायाडिन कोणत्या गुणसूत्रावर बसले आहे, हे आता पान उघडून दाखवता येते. अशा काळात ‘आजी सांगायची’ हा पुरावा म्हणून चालवणे हा आजीचाही अपमान आहे. आजी कुरडया करायची. चीक आणि चोथा तिला वेगळे ठाऊक होते.

मालवीचे खरे दुखणे काय, ते या गोंगाटात कोणी बोलत नाही. आमच्या काळ्या जमिनीत पूर्वी पावसाळ्यात पुष्कळ वावरे पडीक ठेवायचे, ओल मुरवायचे आणि त्या ओलीवर रब्बीचा मालवी यायचा, पाण्याच्या एखाद्या पाळीवर नाहीतर तिच्याशिवायच. १९७० नंतर सोयाबीन आले आणि पडीक वावर हा प्रकार संपला. गव्हाच्या वाट्याची ओल गेली, कूपनलिका आल्या, आणि पाणी देता येते तर जास्त उतारा देणारा लोकवन का नको, असा सरळ हिशेब झाला. त्या हिशेबाची किंमत १९९० साली देवासने मोजली. शहराला पाणी रेल्वेने आणावे लागले. मालवी कमी पाण्यात येतो, त्याचा रवा इतर गव्हाला साधत नाही, त्याचा पिवळा रंग डोळ्यांना उपयोगी असलेल्या ल्युटिनाचा आहे. हे तीन गुण खरे आहेत, आणि कोणालाही सिद्ध करून दाखवता येतात. त्यांच्यावर शेतकऱ्याने भाव मागावा, ग्राहकाने द्यावा. पण खऱ्या गुणाला भाव मिळवून देणे कष्टाचे काम आहे. खोटा गुण छापणे दोन रुपयांच्या शाईचे.

प्रदर्शने भरवणाऱ्या आपल्या मंडळांना माझे एवढेच मागणे आहे. ज्या गव्हाच्या पिशवीवर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिले असेल तिला टेबल देऊ नका. गव्हाला हा शब्द लागूच पडत नाही, मग तो कितीही जुना असो. विकणारा ओळखीचा असेल, आपल्यातला असेल, मराठीच असेल, तरी नको. त्याऐवजी त्याने छापावे : मालवी कठिया, अमुक वाण, रव्यासाठी आणि बाफल्यासाठी उत्तम, यात ग्लुटेन आहे.

आणि ज्या घरात सीलिअॅकचा रुग्ण आहे त्यांनी ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ यांवर यावे. आमच्या दक्षिणी पूर्वजांची भाकरी आणि धारच्या भिलांची मक्याची रोटी, दोन्ही चालतात. फक्त ज्वारी दळायला गिरणीवर न्याल तेव्हा एक पाहा : त्याच दगडांवर आधीच्या माणसाचा गहू दळलेला असतो, आणि पहिल्या दोन-तीन किलोंत त्याचे पीठ उतरते. रुग्णाला तेवढेही पुष्कळ होते. दळण धुऊन घेण्याची सोय गिरणीत नसते, आणि आधी दुसऱ्याची ज्वारी दळून झाली तरी दगडांच्या खाचांत गहू राहतोच. माळ्यावर जुने जाते असेल तर ते खाली काढा, टाकी लावून घ्या, आणि त्यावर गहू कधीही दळू नका.